पातूर टू पार्क सिटी

मे महिना, पारा 45 वर, समोर कूलर आणि लॅपटॉपवर बर्फच बर्फ! धड नवशिका नाही आणि धड एक्स्पर्टही नाही, अशा 'मधल्या' स्कीअरनं अमेरिकेतला डोंगर निवडायचा तरी कसा?

स्थळ : पातूर, जिल्हा अकोला. वेळ : दुपारी अडीच. रस्त्यावर चिटपाखरू नाही, कूलर घरघरतोय आणि मी त्याच्यासमोर मांडी घालून बर्फाच्या डोंगरांचे नकाशे बघत बसलोय. पंधरा दिवसांची सुट्टी संपली की परत न्यू जर्सी, परत प्रोजेक्ट. बाबांनी मागून डोकावून पाहिलं.

"काय पाहून राह्यला रे?"

"बाबा, जानेवारीत बर्फावर जायचंय. कोणता डोंगर घ्यायचा ते ठरवतोय."

बाबा दोन सेकंद गप्प. मग म्हणाले, "मांगच्या खेपेले गुडघा मोडून घेतला, तवा डोंगर कोनं ठरवला होता?"

आमच्या ऑफिसात याला रूट कॉज ॲनालिसिस म्हणतात आणि त्यासाठी तीन मीटिंग लागतात. बाबांचं एका वाक्यात झालं. कारण खरं सांगायचं तर तेव्हा डोंगर मी ठरवलाच नव्हता. ग्रुपनं ठरवला, मी फक्त 'आय ॲम इन' असा मेल टाकला.

'तो' ब्लू

तर झालं असं की, न्यू जर्सीच्या जवळपासच्या छोट्या टेकड्यांवर मी दोन हिवाळे स्कीइंग शिकलो. आधी 'पिझ्झा', म्हणजे दोन्ही स्कींची पुढची टोकं जवळ आणून ब्रेक मारायचा. मग 'फ्रेंच फ्राइज', म्हणजे दोन्ही स्की समांतर ठेवून वळायचं. (शिकवणारे खरंच हेच शब्द वापरतात. व्हेज पोरांची सोय आहे!) दुसऱ्या सीझनच्या शेवटी मी तिथले ब्लू रन आरामात उतरत होतो. कॉलर टाइट!

तिसऱ्या वर्षी ऑफिसचा ग्रुप पश्चिमेकडच्या एका दांडग्या डोंगरावर गेला. बोर्डावर तोच निळा चौकोन. मी म्हटलं, चला, हे तर आपलंच. दोन वळणं घेतली आणि कळलं, हा निळा तो निळा नव्हेच. उतार संपता संपेना, पाय थरथरायला लागले, वेग वाढला आणि घाबरून मी मागे रेललो. स्कीइंगमध्ये मागे रेलणं म्हणजे स्टिअरिंग सोडून देणं. गुडघ्यात 'कट्' असा आवाज आला. लिगामेंट! खाली आलो ते स्की पेट्रोलच्या घसरगाडीत, पट्ट्यांनी बांधलेलं पार्सल होऊन. आईला फोनवर सांगितलं, "पाय मुरगळलाय थोडा." पुढचे दोन हिवाळे फिजिओथेरपीत गेले.

आता गुडघा बरा आहे, डॉक्टरांचा हिरवा कंदील आहे. भीती मात्र अजून आहे. यंदा बायको पण येणार, ती शून्यापासून शिकणार. म्हणजे या वेळी चूक झाली तर पार्सलं दोन! म्हणून ठरवलं, या वेळी डोंगर आपण निवडायचा, नीट अभ्यास करून.

रंगांचा घोळ

पहिला धडा : अमेरिका-कॅनडात हिरवं वर्तुळ म्हणजे सोपं, निळा चौकोन म्हणजे मध्यम, काळा डायमंड म्हणजे कठीण आणि डबल काळा म्हणजे घरी सांगून या. ढोबळ हिशेब असा की 25 टक्क्यांपर्यंतचा चढ-उतार हिरवा, 25 ते 40 निळा, त्यापुढे काळा. पण हे रंग देणारी मध्यवर्ती संस्था नाही. प्रत्येक रिसॉर्ट आपल्याच डोंगरातल्या इतर उतारांशी तुलना करून रंग ठरवतं. म्हणजे पातूरच्या शाळेतला पहिला नंबर आणि आयआयटीतला पहिला नंबर, दोन्ही पहिलेच, पण! वायोमिंगचं जॅक्सन होल किंवा युटाचं स्नोबर्ड हे तीव्र उतारांसाठी नावाजलेले डोंगर. तिथल्या निळ्यावर जाताना आपल्या छोट्या टेकडीचा निळा डोक्यातून काढून टाकायचा. आणि युरोपात गेलात तर तिथे निळ्यानंतर लाल असतो, तो वेगळाच हिशेब.

दुसरा धडा : स्वतःला विचारा, मी खरंच इंटरमीजिएट आहे का? माझी साधी टेस्ट अशी. दोन्ही बाजूंना समांतर वळता येतं? डावीकडे-उजवीकडे दोन्हीकडे हवं तिथे थांबता येतं? दुपारी तीन वाजता, पाय थकलेले असतानाही येतं? तिन्हींना 'हो' असेल तरच निळा.

स्की भाड्यानं घेताना पण हाच प्रश्न फॉर्मवर येतो. वजन, उंची, वय, बुटाच्या तळव्याची लांबी आणि स्कीअर टाइप 1, 2 की 3. टाइप 1 म्हणजे जपून जाणारा, टाइप 3 म्हणजे आक्रमक. या माहितीवरून ठरतं की पडल्यावर बूट स्कीमधून किती जोरानं सुटणार. इगोपायी 3 लिहिलात तर पडल्यावर स्की पटकन सुटत नाही आणि पिळ बसतो गुडघ्याला. अप्रेझल फॉर्म नाही हा मंडळी, इथे स्वतःला कमी मार्क द्या!

निवडीचे पाच फंडे

एक, उंची. आपण सपाटीवरची माणसं. अकोला समुद्रसपाटीपासून 300 मीटरच्या आसपास. महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर कळसूबाई 1,646 मीटर. कोलोरॅडोच्या ब्रेकनरिजचं नुसतं गावच 2,926 मीटरवर, म्हणजे कळसूबाईच्या पावणेदोन पट! तिथे पहिले दोन दिवस डोकं दुखणं, झोप न लागणं, धाप लागणं अगदी कॉमन. चार दिवसांच्या ट्रिपमधले दोन असे गेले तर काय उरलं? उलट कॅनडातल्या व्हिसलरचं गाव फक्त 675 मीटरवर.

दोन, वरून खालपर्यंत सोपी वाट. प्रत्येक मोठ्या लिफ्टच्या टोकावरून निदान एक हिरवी किंवा निळी वाट खाली येते का, ते नकाशावर बोट ठेवून बघा. नाहीतर धुकं आलं, पाय थकले की वर अडकलात.

तीन, ग्रूमिंग. रात्री मोठाली मशिनं बर्फ दाबून सपाट करतात, सकाळी त्यावर कॉर्डरॉयसारख्या बारीक रेषा दिसतात. आमच्याकडच्या भाषेत, नुकतं वखरलेलं वावर! कोणते रन रात्री ग्रूम झाले याची यादी रिसॉर्ट रोज सकाळी देतात. आपण त्या यादीबाहेर जायचंच नाही.

चार, बर्फाची जात. पूर्व किनाऱ्यावर बर्फ वितळून परत गोठतो, त्यामुळे कडक आणि निसरडा. पडलात की लागतंच. युटा-कोलोरॅडोचा बर्फ कोरडा, हलका. पॅसिफिक किनाऱ्याजवळचा ओला, जड. थकलेल्या पायांना कोरडा, ग्रूम केलेला बर्फ सर्वांत मायाळू.

पाच, सोबत कोण. एक नवशिका आणि एक मधला असे दोघं असाल तर दोघांना आपापल्या उतारावरून येऊन दुपारी एकत्र जेवता आलं पाहिजे. नाहीतर ट्रिप स्कीची आणि भांडण घरचं.

फायनल राउंड

या चाळणीतून चार नावं उरली.

कॉपर माउंटन, कोलोरॅडो : हा डोंगर निसर्गानंच वाटून दिलाय. पश्चिमेकडे सोपा, मध्ये मध्यम, पूर्वेला कठीण. चुकून काळ्यावर जायची भीती कमी. पण पायथाच 2,900 मीटरच्या वर. शिवाय डेन्व्हरहून येणारा आय-70 हायवे शनिवारी सकाळी असा तुंबतो की आपला खंडाळा घाट आठवावा.

स्नोमास, कोलोरॅडो : ॲस्पेनच्या शेजारी, 1967 पासूनचा. एल्क कॅम्प आणि बिग बर्न हे त्याचे भाग म्हणजे रुंद, लांब निळ्या उतारांची मेजवानी. मधल्या स्कीअरला याहून लाडात ठेवणारा डोंगर शोधणं कठीण. अडचण एकच, ॲस्पेनचा खर्च. तिथे पगारही घसरगुंडीवर जातो.

व्हिसलर ब्लॅककॉम्ब, कॅनडा : दोन डोंगर, 8,000 एकरांच्या वर पसारा. 2010 च्या हिवाळी ऑलिंपिकच्या अल्पाइन स्पर्धा इथेच झाल्या. दोन्ही डोंगरांना जोडणारी 4.4 किलोमीटरची पीक-टू-पीक गोंडोला 2008 मध्ये सुरू झाली. ब्लॅककॉम्बच्या सर्वांत वरच्या लिफ्टपासून गावापर्यंतचा उतार 1,609 मीटर, म्हणजे जवळपास अख्खं कळसूबाई! व्हँकुव्हरहून साधारण दोन तास. पण किनारा जवळ असल्यानं वर बर्फ पडत असताना खाली पाऊस, असंही होतं. आणि आम्हाला कॅनडाच्या व्हिसाचं टेन्शन वेगळं.

पार्क सिटी, युटा : 2015 मध्ये शेजारचं कॅनियन्स जोडलं आणि 7,300 एकरांचं प्रचंड रिसॉर्ट झालं. 2002 च्या सॉल्ट लेक सिटी ऑलिंपिकचे काही प्रकार इथे झाले. एअरपोर्टपासून साधारण पाऊण तास. पायथा 2,100 मीटरच्या आसपास, म्हणजे ब्रेकनरिजपेक्षा पुष्कळ खाली. किंग कॉन लिफ्टखालचा पट्टा जवळजवळ सगळा निळा. बायकोसाठी पायथ्याशीच शिकायच्या जागा आणि स्की स्कूल. शेजारी डिअर व्हॅली आहे, तिथलं ग्रूमिंग प्रसिद्ध आणि स्नोबोर्डला चक्क बंदी.

मार्क मांडले. पार्क सिटी पहिली आली.

गुलमर्ग का नाही?

हा प्रश्न मला पुण्यातला प्रत्येक मित्र विचारतो आणि तो रास्त आहे. मनालीच्या आंचल ठाकूरनं 2018 मध्ये तुर्कस्तानात स्कीइंगमध्ये भारताला आंतरराष्ट्रीय पदक मिळवून दिलं. काश्मीरचा आरिफ खान 2022 च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये उतरला. शिकायला मनालीची सरकारी पर्वतारोहण संस्था किंवा गुलमर्ग झकास, आणि खर्च अमेरिकेच्या पासंगालाही पुरत नाही. पण गुलमर्गची गोंडोला वर अफरवटला साधारण 3,980 मीटरवर नेते आणि तिथून खाली न दाबलेला, हिमस्खलनाचा धोका असलेला एक्स्पर्टांचा बर्फ. खाली अगदी नवशिक्यांचे उतार, वर एक्स्पर्टांचे. मधल्यांसाठी लांब, ग्रूम केलेले निळे उतार, हीच तर उत्तर अमेरिकेची खासियत.

पैशाची गोष्ट

मे महिन्यातच हे सगळं का? कारण पास! खिडकीवर जाऊन एका दिवसाचं तिकीट घ्याल तर मोठ्या रिसॉर्टमध्ये गर्दीच्या दिवशी 300 डॉलरच्याही पुढे मोजावे लागतात. पार्क सिटी, व्हिसलर, ब्रेकनरिज हे 2008 मध्ये सुरू झालेल्या एपिक पासवर. कॉपर, स्नोमास हे 2018 च्या आयकॉन पासवर. दोन्ही पास सीझनच्या कितीतरी आधी स्वस्त असतात, हळूहळू महागतात आणि डिसेंबरच्या सुमारास विक्री बंद. मोजक्या दिवसांचे पासही मिळतात, चार दिवसांच्या ट्रिपला तेच बरे. ख्रिसमस, मार्टिन ल्यूथर किंग डेचा लाँग वीकेण्ड आणि फेब्रुवारीतला प्रेसिडेंट्स डे टाळा. जानेवारीचा शेवटचा आठवडा बेस्ट. आणि ट्रॅव्हल इन्शुरन्समध्ये स्कीइंग कव्हर आहे का, ते बारीक अक्षरात वाचा. माझा अनुभव आहे म्हणून सांगतो.

अजून एक : बुटात मोजा एकच, पातळ. थंडी वाजेल म्हणून तीन मोजे घातलेत तर पाय आत हलतो आणि स्की ऐकत नाही.

उतरता आलं पाहिजे

दुसऱ्या दिवशी उन्हं तापायच्या आत बाबांबरोबर रेणुकामातेच्या टेकडीवर गेलो. चढताना गुडघा काही बोलला नाही. उतरताना मात्र पहिल्या काही पायऱ्यांवर मी नकळत कठड्याच्या बाजूला सरकलो. बाबांनी ते पाहिलं. मी शेवटी सगळं सांगून टाकलं, घसरगाडीसकट. मुरगळलेला पाय नव्हता, हे त्यांना केव्हाच कळलं होतं म्हणे.

"चढाले काय लागते," ते म्हणाले, "उतराले भेव वाटलं तर थांबत जाय. कोनी मांग लागलं हाय काय?"

दोन वर्षांत फिजिओथेरपिस्टनं, इन्स्ट्रक्टरनं आणि मित्रांनी दिलेल्या सगळ्या सल्ल्यांत हा सल्ला मला जास्त पटला. ग्रुपमागे जायचं नाही, वाटलं तिथे कडेला थांबायचं, पहिला दिवस पूर्ण हिरव्यावर काढायचा, तोही बायकोबरोबर.

रात्री लाइट गेली होती, ती साडेनऊला आली. कूलर सुरू झाला आणि मी दोन पास बुक केले. फॉर्ममध्ये लेव्हल विचारली होती. 'इंटरमीजिएट'वर टिक केलं आणि स्की भाड्यानं घेताना काय लिहायचं, तेही ठरवून टाकलं : टाइप 1.