स्थानक डोक्यावर, पण इंटरनेट लांबून

सडावाघापूरच्या पठारावर अंधार पडला की पवनचक्क्यांच्या वरून कधीकधी एक ठळक ठिपका, न लुकलुकता, पाच-सहा मिनिटांत आकाश ओलांडून जातो. ते आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक. पाटणच्या बरोबर माथ्यावर आलं तर त्याचं अंतर साधारण ४०० किलोमीटर. पाटणच्या सरळ पूर्वेला असलेलं हैदराबाद त्याहून लांब आहे. जून २०२५ मध्ये अंतराळवीर शुभांशु शुक्ला तिथून पंतप्रधानांशी बोलले, ते सगळ्या देशाने पाहिलं. एवढं स्वच्छ चित्र येतं म्हटल्यावर तिथे इंटरनेटची चंगळच असणार, असं वाटणं साहजिक आहे.

‘उपग्रहांच्या शेजारीच राहतात, मग त्यांना रेंजची काय कमी?’ हा सगळ्यात मोठा गैरसमज. स्थानक तासाला सुमारे २८,००० किलोमीटर वेगाने फिरतं आणि दीड तासात पृथ्वीची एक प्रदक्षिणा पुरी करतं. एका जागेवरच्या अँटेनाला ते जेमतेम काही मिनिटं दिसतं. म्हणून त्याचा संदेश आधी खाली येतच नाही. तो आणखी वर, सुमारे ३६,००० किलोमीटरवरच्या ‘टीडीआरएस’ या नासाच्या उपग्रहांकडे जातो, तिथून न्यू मेक्सिकोतल्या व्हाइट सँड्स किंवा ग्वाम बेटावरच्या केंद्रात उतरतो आणि मग ह्यूस्टनच्या नियंत्रण कक्षात पोचतो. उत्तर याच वाटेने परत. नुसत्या प्रवासातच अर्धा सेकंद जातो. कोयनेच्या खोऱ्यातल्या एखाद्या वाडीवरून समोरच्या डोंगरावरचं घर नजरेत असावं, पण तिथे जायला रस्ता सगळ्या खोऱ्याला वळसा घालून असावा, तसं हे आहे.

या व्यवस्थेत आपल्या भागाचा एक जुना संबंध आहे आणि तो फारसा कुणाला ठाऊक नसतो. १९९० च्या दशकात स्पेस शटलसाठी नासाचे मुख्य उपग्रह दोन जागी होते, एक अटलांटिकवर, दुसरा पॅसिफिकवर. दोघांच्याही नजरेआड राहणारा पट्टा नेमका हिंदी महासागर आणि आसपासच्या प्रदेशावर पडायचा. त्याचा मध्य ७४ अंश पूर्व रेखांशाच्या जवळ होता. पाटणचा रेखांश ७३.९. म्हणजे आपल्या डोक्यावरून जाताना त्या अंतराळवीरांचा ह्यूस्टनशी संपर्क तुटत असे. पुढे हिंदी महासागरावर उपग्रह आणि ग्वामला केंद्र आलं, तेव्हा हा खंड मोठ्या प्रमाणात भरून निघाला.

२०१९ मध्ये या जोडणीची क्षमता सेकंदाला ६०० मेगाबिटपर्यंत वाढवली गेली. आकडा मोठा आहे, पण त्यावर पहिला हक्क प्रयोगांच्या माहितीचा आणि चित्रणाचा. अंतराळवीरांना वेबसाइट पाहायला मिळू लागल्या त्याच मुळी जानेवारी २०१० पासून. टी. जे. क्रीमर यांनी तेव्हा कुणाच्या मदतीशिवाय थेट स्थानकातून पहिलं ट्विट केलं. त्याआधी मजकूर ईमेलने खाली यायचा आणि जमिनीवरचं कुणीतरी तो टाकायचं. क्रीमर यांना मिळालेली सोयही वेगळीच होती: वेबसाइट उघडायची ती जमिनीवरच्या संगणकात, आणि वर लॅपटॉपवर फक्त त्याचा पडदा दिसायचा. सुरक्षिततेसाठी हा आडमार्ग मला अगदी योग्य वाटतो.

कारण ‘अंतराळात व्हायरस कसला पोचणार!’ हेही खरं नाही. २००८ मध्ये स्थानकावरच्या काही लॅपटॉपमध्ये ऑनलाइन खेळांचे पासवर्ड चोरणारा व्हायरस सापडला होता. स्थानक चालवणारी यंत्रणा वेगळी असल्याने तिला धक्का लागला नाही.

ती यंत्रणा अत्याधुनिक असेल, असंही अनेकांना वाटतं. तिथले मुख्य नियंत्रण संगणक इंटेलच्या ३८६ जातीच्या प्रोसेसरवर बांधले गेले, म्हणजे १९८० च्या दशकातल्या चिपवर. वेग कमी, पण वर्षानुवर्षं पारखलेली. किरणोत्साराच्या एका कणाने स्मृतीतला एखादा अंक उलटू शकतो, तिथे नवेपणापेक्षा भरवसा मोलाचा. रोजच्या कामाला मात्र साधे लॅपटॉपच असतात, आधी थिंकपॅड, नंतर एचपीचे. २०१३ मध्ये त्यांतल्या अनेकांवरची विंडोज एक्सपी काढून लिनक्सचा डेबियन प्रकार बसवला गेला. वजनरहित अवस्थेत गरम हवा आपोआप वर सरत नाही, त्यामुळे पंखा बंद पडला तर यंत्राची उष्णता त्याच्याभोवतीच साचून राहते.

घरच्यांशी बोलायला इंटरनेटवरून चालणारा फोन आहे. पण तो तिकडूनच यायचा. जोडणी असेल तेव्हा अंतराळवीर लावतात, घरून तिकडे लावता येत नाही. व्हिडिओवर भेट साधारण आठवड्यातून एकदा, आधी वेळ ठरवून.

सरळ खाली येणारा आवाज मात्र हॅम रेडिओचा, म्हणजे हौशी लोकांच्या बिनतारी संचांचा. ४ जुलै २०२५ रोजी शुक्ला याच मार्गाने बंगळूरमधल्या विद्यार्थ्यांशी बोलले. अशा संवादात स्थानकाचा आवाज १४५.८०० मेगाहर्ट्झवर येतो, आणि स्थानक क्षितिजाच्या वर असेल तोवर, म्हणजे फार तर दहा मिनिटं, त्या बँडचा रेडिओ असलेल्या कुणालाही तो ऐकू येऊ शकतो. दरीच्या तळापेक्षा सडावाघापूरसारखं उघडं पठार त्यासाठी केव्हाही चांगलं, कारण तिथे चारी दिशांना क्षितिज मोकळं आहे. उलट बोलायचं असेल तर मात्र केंद्र सरकारची परीक्षा देऊन परवाना घ्यावा लागतो. पाटणच्या शाळांमधली मुलं ती परीक्षा देऊ लागली तर मला फार आनंद होईल.