उद्या रविवार होता

‘उद्या रविवार होता. गोदूमावशी येणार होती आणि घरात साखरेचा कण नव्हता.’

कथेत असं काही वाचताना आपण अडखळत नाही. खरं तर अडखळायला हवं. ‘उद्या’ अजून उजाडायचाय आणि ‘होता’ तर सरलेल्याचं क्रियापद! ओट्यापाशी उभं राहून कुणी असं बोललं, तर आपण त्याला हटकू. कथेत ते खपतं, कारण या तीन शब्दांत दोन माणसं एकदम बोलताहेत. ‘उद्या’ साखरेच्या काळजीतल्या बाईचा, ‘होता’ कथा सांगणाऱ्याचा. केटे हाम्बुर्गर या जर्मन विदुषीनं १९५७ च्या आपल्या ग्रंथात नेमकं याच जातीच्या वाक्यावर बोट ठेवलं. मला तर ही कथालेखनातली सर्वांत अद्भुत गोष्ट वाटते.

जेन ऑस्टिननं १८१५ अखेरच्या ‘एमा’त दोन आवाज एकत्र बोलवण्याची ही रीत इतकी मुरवली, की नायिकेचे गैरसमज वाचक खरेच धरून चालतो. फ्रान्समध्ये मात्र प्रकरण कोर्टात गेलं. गुस्ताव फ्लोबेरची ‘मादाम बोव्हारी’ १८५६ मध्ये मासिकातून क्रमशः आली आणि नीतिमत्तेला धक्का दिल्याबद्दल लेखकावर खटला भरला गेला. प्रियकराला भेटून आलेली एमा बोव्हारी आरशात पाहते आणि स्वतःवरच हरखून जाते. सरकारी वकील पिनार यांनी त्यावर बोट ठेवलं : लेखक व्यभिचाराचे गोडवे गातोय! पण तो हर्ष एमाचा होता. फ्लोबेरनं तिला शाबासकी दिली नव्हती, दोषही दिला नव्हता, आणि निवाडा करणारा आवाजच पुस्तकात नसल्यानं वकील गोंधळले. कोर्टानं ताशेरे ओढले, तरी ७ फेब्रुवारी १८५७ ला लेखक सुटला.

पात्राचा आवाज असा लेखकाच्या वाक्यात शिरतो कसा? ‘सिंधूला वाटलं, की सासूबाई मुद्दाम उशीर करताहेत.’ इथे लेखक मध्ये उभा आहे, सिंधूची साक्ष नोंदवून घेतोय. आता हे पाहा : ‘सासूबाई अजून अंघोळीतच होत्या. मुद्दाम, दुसरं काय!’ ‘वाटलं’ गेलं आणि सिंधूचा धुसफुसता आवाज थेट कानावर आला. सासूबाई खरंच मुद्दाम करताहेत का? लेखक काहीच म्हणत नाही. ते आता वाचकानं ठरवायचं, आणि ठरवता ठरवता तो सिंधूलाही ओळखू लागतो, तिच्या कुरकुरीसकट.

‘सांगू नका, दाखवा’ हा सल्ला नवोदितांना उठता-बसता मिळतो. माझ्या मते कुणाच्या कानानं ऐकायचं, कुणाच्या जिभेनं बोलायचं, हे त्याहून आधी ठरवावं लागतं. फ्लोबेर क्रुआसे गावच्या घरी आपली वाक्यं कानानं पारखायला अक्षरशः ओरडून वाचत असे. तुमच्या कथेच्या खर्ड्यातली ‘वाटलं की’, ‘मनात आलं की’ ही सगळी ठिकाणं शोधा, ती खोडा आणि उरलेलं मोठ्यानं वाचा. आवाज पात्राचा न येता तुमचाच येत असेल, तर ते वाक्य पुन्हा लिहा.