रेशन भट्टीवरही मिळते

दिवाळीनंतर वैतरणा परिसरातले पाडे ओस पडू लागतात. वीटभट्टीवर निघालेली माणसे मला एकच विचारतात, “ताई, आमचं रेशन बुडालं ना?”

बुडत नाही. ‘एक देश, एक रेशनकार्ड’ योजनेत कामाच्या ठिकाणच्या रास्तभाव दुकानात धान्य मिळते. गुजरातेत गेलेल्यांनाही ऑगस्ट २०१९ पासून ही सोय आहे. कार्डाचा क्रमांक सांगायचा, यंत्रावर अंगठा लावायचा. म्हाताऱ्यांनी थोडे गावी घ्यावे, उरलेले भट्टीवर उचलावे, हेही चालते.

प्राधान्य कार्डावर माणशी ५ किलो, अंत्योदयवर कुटुंबाला ३५ किलो. जानेवारी २०२३ पासून मोफत. कातकरी बांधवांनी आपले कार्ड जरूर पाहावे. आदिम जमातींना अंत्योदय कार्ड द्यावे, असा सर्वोच्च न्यायालयाचा २००३ चा आदेश आहे. चौघांच्या घरात हा फरक महिन्याला १५ किलोंचा!

खरी अडचण अंगठ्याची. विटा थापून रेषा झिजतात, यंत्र ओळखत नाही. म्हणून निघण्यापूर्वी घरातल्या सर्वांचे ई-केवायसी करून घ्या. एकाचा अंगठा उमटला नाही तर दुसऱ्याचा चालतो. दुकानदार नाही म्हणाला तर १९६७ वर तक्रार करा. घरात तांदूळ असला की मालकाकडून खर्ची कमी उचलावी लागते, आणि पावसाळ्याआधीच्या हिशेबात हातात चार पैसे उरतात.