वर्षाचा गहू भरावा, वर्षाचे यीस्ट नव्हे

उन्हाळा लागला की भोपाळच्या कोटरा सुल्तानाबादेतल्या कितीतरी घरांत अजूनही वर्षाचा गहू भरला जातो. चाळीसेक किलोमीटरवरच्या सीहोरचा शरबती येतो, निवडून, ऊन दाखवून, एरंडेल चोळून कोठीत जातो, वर कडुनिंबाचा पाला. मराठी घर असो की शेजारचे भोपाळी, यात फारसा फरक नाही, आणि पद्धत शहाणपणाचीच आहे. घोटाळा होतो तो घरी पाव भाजायला लागलेल्या माणसाने हाच हिशेब कणकेला, मैद्याला आणि यीस्टला लावला की. ‘कोरडे आहे ना, मग टिकेल’ हा त्यामागचा समज. पण गहू नुसता कोरडा असतो म्हणून टिकत नाही. तो बी आहे. अंकुरातले तेल कोंड्याच्या आवरणाखाली हवेपासून झाकलेले असते. गिरणीत आवरण फुटले की त्या तेलाला हवा भिडते आणि पीठ खवटपणाच्या वाटेला लागते. खाद्यनियमांत आट्याच्या ‘अल्कोहोलिक आम्लते’ला 0.18 टक्के आणि मैद्याच्या 0.12 टक्के अशी मर्यादा आहे. पीठ शिळे झाल्याचे तेच एक माप. पारा चाळिशीपार जाणाऱ्या भोपाळच्या मे महिन्यात कणीक महिनाभरात संपवावी, पावसाळ्यात त्याहूनही लवकर. मैद्यातून कोंडा आणि अंकुर दोन्ही काढलेले असल्याने तो बंद डब्यात काही महिने राहतो. गंमत म्हणजे ताज्या दळलेल्या मैद्याला दोनतीन आठवडे हवा लागली तर त्याचा पाव उलट बरा होतो. ‘जितके ताजे तितके चांगले’ हा नियमही सगळ्या पिठांना सारखा लागत नाही.

दुसरा समज शरबतीविषयीचा, आणि तो इथे सांगणे जरा जोखमीचे आहे. 2023मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेला हा गहू पोळीसाठी उत्तम, म्हणून पावासाठीही उत्तम, असे गृहीत धरले जाते. पोळीला हवी असते सहज लाटली जाणारी, आकसून परत न येणारी कणीक. पावाला हवे असते वायू कोंडून धरणारे, ताणले तरी न फाटणारे ग्लुटेनचे जाळे. शरबतीची प्रतिष्ठा ज्यावर उभी आहे तो सी-306 वाण पोळीच्या मऊपणासाठीच नावाजला गेला. मग कोणी म्हणेल, माळव्यातला कठिया गहू घ्या, त्यात प्रथिने भरपूर. प्रथिने आहेत, पण त्यांचे ग्लुटेन चिवट असूनही लवचीक नाही. तो गहू रव्याला आणि बाफल्यांना शोभतो. पाकिटावरचा प्रथिनांचा आकडाही असाच फसवतो. आट्याच्या पिशवीवर तो अनेकदा मैद्यापेक्षा मोठा दिसतो, पण त्यातला काही वाटा कोंड्यातल्या प्रथिनांचा, आणि त्यातून ग्लुटेन बनत नाही. नियमांतही आट्यात किमान 6 टक्के ग्लुटेन पुरते, मैद्यात 7.5 टक्के लागते. म्हणून ‘ब्रेडचे खास पीठ’ मिळत नाही अशी हळहळ करत दुरून दहा किलोचा कट्टा मागवण्याची गरज नाही. 10 टक्के प्रथिनांच्या अर्धा किलो मैद्यात सुमारे 16 ग्रॅम ग्लुटेन पावडर मिसळली की प्रमाण 12 टक्क्यांवर जाते. साठवायचीच असेल तर ही छोटी पुडी साठवावी.

सगळ्यात महाग चूक यीस्टची. अर्धा किलोची निर्वात वीट ग्रॅममागे स्वस्त पडते, त्यामुळे ती घेणे हुशारीचे वाटते. जरा हिशेब मांडू. अर्धा किलो पिठाच्या पावाला कोरडे यीस्ट लागते सुमारे 5 ग्रॅम. म्हणजे एका विटेत शंभर पाव. आठवड्याला एक भाजला तर जवळपास दोन वर्षे. न फोडलेली वीट तेवढी टिकतेही. फोडली की मात्र हवा आणि ओल आत शिरते, आणि फ्रिजमध्ये साधारण चार, फ्रीझरमध्ये सहा महिन्यांचाच भरवसा उरतो. पंचवीसेक पावांनंतर उरलेले पाऊण पाकीट कमजोर होत जाते. मग स्वस्त काय पडले? यावर आक्षेप येतो की फ्रीझरमध्ये यीस्ट मरते, म्हणून ते बाहेरच ठेवावे. हे ताज्या, ओल्या यीस्टच्या बाबतीत बऱ्याच अंशी खरे आहे, कारण पाण्याचे स्फटिक पेशी फाडतात. कोरड्या यीस्टमध्ये पाणी इतके थोडे असते की थंडी त्याला मानवते. त्याचा वैरी म्हणजे जुलैतली दमट हवा आणि ओला चमचा. तेव्हा वीट घ्यायचीच तर चार घरांत वाटून घ्यावी.

‘पण टाळेबंदीत यीस्ट मिळालेच नाही, म्हणून साठा हवा’ हा आक्षेप वजनदार आहे, कारण 2020च्या वसंतात जगभरच्या दुकानांतून ते खरोखरच नाहीसे झाले होते. मात्र तुटवडा कशाचा होता ते पाहायला हवे. यीस्ट बनतच होते, कमी पडली ती घरगुती आकाराची पाकिटे. ब्रिटनमध्ये पिठाचेही तेच झाले: तिथले जेमतेम 4 टक्के पीठ दुकानांतून विकले जाते, बाकीचे बेकऱ्यांना आणि कारखान्यांना मोठ्या प्रमाणात जाते, गिरण्या दिवसरात्र चालल्या, अडले ते लहान पिशव्या भरण्यावर. अशा वेळी कामी येते ते आंबवण: कणीक आणि पाणी रोज थोडे थोडे घालत आठवडाभर जोपासले की पाव फुगवण्याइतके जोर धरते. जिलबीचे पीठ आंबवणाऱ्या गावाला हे काही नवे नाही.

किडीचा प्रश्न उरतो. सोंडे दाण्याच्या आतच अंडी घालतात, म्हणून डबा कितीही घट्ट असला तरी ‘किडे आले कुठून’ हा प्रश्न पडतो. ते गव्हाबरोबरच आलेले असतात. पीठ आणल्यावर तीनचार दिवस फ्रीझरमध्ये ठेवले की अंडी मरतात. कोठीत ‘सल्फास’ची गोळी टाकण्याचा सल्ला मात्र कुणाचाही ऐकू नये. ती ॲल्युमिनियम फॉस्फाइडची असते, हवेतल्या ओलीने तिच्यातून फॉस्फिन वायू सुटतो, आणि बंद खोलीत झोपलेली माणसे त्याने दगावली आहेत.

आणि डिसेंबरात पीठ दुपारपर्यंत ढिम्म राहिले म्हणून यीस्ट मेल्याचा निष्कर्ष काढून नवे पाकीट आणण्याआधी एक वाटी कोमट पाणी, चिमूटभर साखर आणि चमचाभर यीस्ट एवढे करून पाहावे. दहा मिनिटांत फेस आला तर यीस्ट जिवंत आहे. रात्री पारा दहाअकरावर उतरणाऱ्या स्वयंपाकघरात ते फक्त सावकाश चालले आहे, आणि परातीला दुलई मिळाली तर संध्याकाळपर्यंत पोहोचेल.