लस थोडी, रांग मोठी

१ मार्च २०२१ पासून भारतात कोविडची लस सर्वसामान्य नागरिकांसाठी खुली झाली. पण ती सगळ्यांना एकदम पुरणारी नव्हती. म्हणून साठीच्या पुढच्या सर्वांना आणि ४५ ते ५९ वयाच्या फक्त काही ठरावीक आजार असणाऱ्यांना ती द्यायची, असे ठरले. यादी वीस कलमी होती, आणि त्यासाठी डॉक्टरांचा दाखला लागे. हृदय नीट काम करत नाही म्हणून वर्षभरात रुग्णालयात राहावे लागलेले लोक तीत होते. नुसता रक्तदाब मात्र नव्हता! रोज गोळी घेणाऱ्या पन्नाशीच्या शिक्षकाचा नंबर लागत नव्हता. हा अन्याय होता का?

एक गणित करू; वर्गातही करून घेता येईल. समजा, एका साथीत चाळिशीतल्या हजार माणसांमागे १ दगावतो आणि सत्तरीतल्या हजारांमागे ३०. (आकडे सोयीसाठी घेतले आहेत.) रक्तदाबामुळे चाळिशीतल्याचा धोका दुप्पट झाला असे धरले, तरी तो हजारी २ होतो. 'दुप्पट' ऐकून आपण दचकतो, पण कशाच्या दुप्पट, हे विचारत नाही.

प्रत्यक्षात काय दिसले? इंग्लंडमधील १ कोटी ७० लाखांहून अधिक प्रौढांच्या नोंदींचा अभ्यास २०२० साली 'नेचर'मध्ये आला. पन्नाशीतल्यांच्या मानाने ऐंशीच्या पुढच्यांना मृत्यूचा धोका वीसपटींहून जास्त होता. वय आणि इतर आजार हिशेबात धरल्यावर जुनाट हृदयविकाराने तो सुमारे १७ टक्क्यांनी वाढलेला आढळला. रक्तदाबाने वेगळी वाढ दिसली नाही. रक्तदाब बहुधा उतारवयात जडतो, त्यामुळे वयाचा बराचसा दोष त्याच्या नावावर जमा होत होता.

तेव्हा आधी वय पाहणे आम्हाला पटते. आणखी एक कारण आहे. वय कार्डावर लिहिलेले असते. हृदयाचा आजार तपासल्याखेरीज कळत नाही. दाखला मागितला की डॉक्टरकडे नेहमी जाणारा पुढे सरकतो. जिना चढताना धाप लागते, पण जिची तपासणी कधी झालीच नाही, अशी मजूर बाई मागे राहते. खरी गरज तिलाच असू शकते.

१ एप्रिल २०२१ पासून ४५ वर्षांवरील सर्वांना लस खुली झाली, आणि दाखल्याची अट गेली. त्याच महिन्यात मुंबईतील अनेक केंद्रे डोस संपल्यामुळे बंद ठेवावी लागली.