डॉक्टरकीचे शिक्षण आणि खाजगी कर्ज

घरात एक तरी डॉक्टर व्हावा, ही आकांक्षा आपल्या पेढ्यांवर आता नवी नाही. परंतु दहा हजारांची उधारी देताना दहा वेळा विचार करणारा व्यापारी मुलाच्या प्रवेशासाठी मात्र कर्जरोखा न वाचता सही करतो, याचे नवल वाटते.

मालावर काढलेले कर्ज माल विकताच फिटू लागते. वैद्यकीय विद्येचे तसे नाही. एम. बी. बी. एस.चा अभ्यासक्रम साडेचार वर्षांचा, त्यावर एक वर्षाची इंटर्नशिप, एम. डी. करावयाचे तर आणखी ३ वर्षे. आरंभी दरमहा शेकडा एक दराने घेतलेल्या १० लाखांवर साडेपाच वर्षांत सरळ व्याजच ६ लाख ६० हजार होते. तेच दरसाल मुद्दलात मिळविले, तर एकूण देणे साडेअठरा लाखांच्या वर जाते. एवढ्या अवधीत विद्यार्थ्याची कमाई म्हणजे अखेरच्या वर्षाचे विद्यावेतन, तेही मिळाले तर!

बँका सामान्यतः शिक्षण चालू असेतो हप्ते मागत नाहीत. खाजगी वित्तसंस्था पुष्कळदा आरंभापासूनच व्याज वसूल करतात. सावकाराकडून घेतलेल्या रकमेच्या व्याजावर प्राप्तिकराची शैक्षणिक सवलतही नाही.

खरा धोका तारणाचा. दुकानाची जागा या कर्जात अडकली, की मोसमात माल भरण्यासाठी बँकेपुढे ठेवावयास काही उरत नाही. मुलगा एक वर्ष नापास झाला, तरी व्याज थांबत नाही. तारणाऐवजी धाकट्या भावाला जामीन ठेवले, तर १८७२ च्या करार कायद्याप्रमाणे, अन्यथा ठरले नसल्यास, त्याची जबाबदारी ऋणकोइतकीच असते. हप्ता चुकताच धनको थेट त्याच्या पेढीवर येऊ शकतो.