हात मोकळे, चित्त गुंतलेले

‘चालकाचे वाहनावरील नियंत्रण सुटले’ हे वाक्य अपघाताच्या वार्तेत आम्ही इतक्या सराईतपणे छापतो की, ते सुटण्यापूर्वी चालकाचे चित्त कोठे होते, हे विचारण्याचे भान आम्हांसही राहत नाही. अलीकडे ते पुष्कळदा मोबाईलमध्ये असते.

ताशी 60 किलोमीटर वेगाचे वाहन एका सेकंदात सुमारे 17 मीटर पुढे जाते. आलेला निरोप वाचण्यासाठी तीन सेकंद मान खाली घातली की 50 मीटर रस्ता चालकाने पाहिलेलाच नसतो. आमच्या गोमंतकात 50 मीटरांत काय काय सामावते! एखादे आंधळे वळण, पावसाळ्यात डांबरावर ठाण मांडून बसलेली गुरे, शाळेतून परतणारी मुले, मागे प्रवासी घेऊन निघालेला पायलट.

कायदा नाही असे नव्हे. मोटार वाहन कायद्याच्या 184 व्या कलमात 2019 साली झालेल्या दुरुस्तीनुसार, वाहन चालविताना मोबाईल हातात घेऊन वापरणे हा धोकादायक वाहन चालविण्याचाच प्रकार ठरतो. पहिल्या गुन्ह्यास 1,000 ते 5,000 रुपये दंड, कैद किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. परंतु कायद्याचा रोख हातावर आहे. त्यामुळे कानात यंत्र अडकवून बोलत जाणारा स्वतःस निर्दोष समजतो. कॅनडातील टोरांटो येथे अपघातांत सापडलेल्या 699 मोबाईलधारक चालकांचा अभ्यास 1997 मध्ये प्रसिद्ध झाला. बोलत असताना अपघाताचा संभव सुमारे चौपट होतो, आणि हात मोकळे ठेवून बोलणारे अधिक सुरक्षित असल्याचे दिसत नाही, असे त्यात आढळले. (अपघातानंतर मदत मागविण्यास त्यांतील 39 टक्के चालकांना तोच फोन उपयोगी पडला, हेही नमूद केले पाहिजे.)

याचे कारण समजण्यास शास्त्रज्ञ व्हावे लागत नाही. शेजारच्या आसनावरील सोबती समोर ट्रक दिसताच बोलायचा थांबतो. घरी किंवा कचेरीत बसलेल्यास तो ट्रक दिसत नाही; तो उत्तर मागतच राहतो.

आणि येथे आम्हांस स्वतःकडे बोट दाखविणे प्राप्त आहे. दोष नेहमी उचलणाऱ्याच्या माथी मारला जातो. करणारा नामानिराळा राहतो. ‘कोठे पोचलास?’ हे विचारण्यासाठी आमच्याच कचेरीतून दुचाकीवरील वार्ताहरास, पहाटे अंकांचे गठ्ठे घेऊन काणकोणकडे निघालेल्या चालकास, कितीदा फोन गेले असतील! त्याने तो न उचलल्यास रागावणारेही आम्हीच. आता तसे फोन करणे आम्ही बंद केले आहे. गाडी थांबली की चालकच कळवितो. परवा एक बातमी त्यामुळे वीस मिनिटे उशिरा आली. ती आतल्या पानावर गेली.